यती, यतिभंग आणि खाडीकाठची एक ओळ

ऐरोलीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: ‘कवितेच्या रसग्रहणात मी यतिभंग झाल्याचे लिहिले. सहकारी म्हणाल्या, यती म्हणजे संन्यासी, त्याचा इथे काय संबंध? शिवाय यती दीर्घ आणि यतिभंग ऱ्हस्व, असे का?’

ताई, तुमचा शब्द चोख आहे. वृत्तात ओळीच्या आत जिथे आवाज क्षणभर थांबतो, ती जागा म्हणजे यती. ‘यम्’ म्हणजे आवरणे. संयम, नियम हे त्याच घरातले शब्द. श्वास आवरण्याची जागा, असे मनात धरा.

मंदाक्रांता या वृत्तात ओळीला अक्षरे 17, आणि थांबे आधी 4, मग 6, मग 7 अक्षरांनंतर. तुमची ऐरोली ठाण्याच्या खाडीकाठी आहे, म्हणून त्या खाडीवरच एक ओळ रचली:

खाडीकाठी । मळभ भरले । सांज ओलावलेली

मोठ्याने म्हणा. पहिली चारही अक्षरे गुरू, म्हणजे लांब उच्चाराची; पावले जड पडतात. मग पाच लघू, म्हणजे आखूड अक्षरे, भराभर सुटतात आणि ‘ले’वर टेकतात. शेवटच्या सातांत लय हेलकावते. संथपणा आणि धाव यांच्या मधला तो थांबा नसेल, तर ‘मंद’ चाल कानाला कळणारच नाही.

आता ही ओळ घ्या:

खाडीचा काठ भिजत असे, सांज ओलावलेली

अक्षरे 17, लघुगुरू जिथल्या तिथे, म भ न त त हे गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे ठरलेले गट, आणि शेवटचे दोन गुरू (ग ग) हेही बिनचूक. पण चौथ्या अक्षरावर थांबलात की ‘का’ अलीकडे आणि ‘ठ’ पलीकडे. शब्द मधोमध चिरला गेला. हाच यतिभंग. नुसते गण मोजून तो सापडत नाही, म्हणून मुलांना कविता आधी म्हणायला लावावी आणि मग वहीत मांडायला द्यावी, असे मला कळकळीने वाटते.

‘जेव्हा वर्षाजलद उतरे’ इथे मात्र थांबा वर्षा आणि जलद यांच्या सांध्यावर पडतो. समास तुटतो, पण दोन्ही तुकडे अर्थासकट उभे राहतात. याला मी दोष म्हणणार नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचे उत्तर सोपे. मराठीत असे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द सुटे असताना शेवटी दीर्घ होतात, समासाच्या सुरुवातीला मूळ ऱ्हस्वच राहतात. कवी पण कविसंमेलन, रवी पण रविवार. तसेच यती पण यतिभंग. तुम्ही दोन्ही बरोबर लिहिले आहे.