जुन्या पद्मिनीच्या सस्पेन्शनचे बुश आणि पिना साध्या लेथवर करून घेता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रीमियर पद्मिनी गाडीच्या पुढच्या आर्मचे बुश (सांध्यात बसणाऱ्या नळीसारख्या गाद्या) फाटलेत, मागच्या स्प्रिंगच्या पाट्या जिथे लटकतात त्या शॅकलच्या पिनांना झिजून पायरी पडली आहे, बाजारातले नग नीट बसत नाहीत आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला एक टर्नर (लेथ चालवणारा कारागीर) जुन्या लेथवर सगळं करून देतो म्हणतोय. द्यावं का?

बुश, स्लीव्ह (बुशाच्या आतली, बोल्ट जाणारी नळी), स्पेसर आणि शॅकलच्या पिना बिनधास्त द्या. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा सांधा) आणि स्टब अ‍ॅक्सल (ज्यावर चाक फिरतं तो दांडा) देऊ नका, टर्नर कितीही हुशार असला तरी. हे भाग फोर्ज करून (तापवून, घडवून), उष्णता प्रक्रिया करून बनतात. सरळ रॉडमधून कातलेला तसाच दिसणारा नग पहिले काही महिने चालतो आणि मग थकव्याने तुटतो. बुश गेला तर गाडी खडखडते, स्टब अ‍ॅक्सल गेला तर चाक निघतं. बोल्टसुद्धा कातून घेऊ नका, डोक्यावर 8.8 किंवा 10.9 ही ताकदीची ग्रेड लिहिलेले तयार आणा.

आता मटेरियल. 'एमएस (साधं माइल्ड स्टील) चालेल का?' असं विचारलंत तर टर्नर चालेल म्हणणारच. स्लीव्हला ते कदाचित चालेलही, पिनेला नाही. पिनेला किमान ईएन-8 ग्रेडचं स्टील, वर इंडक्शन हार्डनिंग (विजेने तापवून पृष्ठभाग कडक करणं). त्याहून चांगलं म्हणजे ईएन-353 घेऊन केस हार्डनिंग (पृष्ठभागात कार्बन मुरवून तो कडक करणं). दोन्हीत हार्डनिंगआधी व्यासावर 0.3 मिमी जादा ठेवायचं आणि नंतर ग्राइंडिंग करून मापात आणायचं, कारण हार्डनिंगमध्ये पिन थोडी वाकतेच. ईएन-1ए छान चकाकत कातलं जातं म्हणून कुणी सुचवलं तर नको म्हणा, ते इथलं मटेरियल नाही. कळंबोलीचं पोलाद मार्केट टनांच्या मालासाठी आहे. फूटभर रॉड कटपीसवाल्याकडून घ्या, पण ग्रेडची खात्री करून. पिनेचा व्यास जिथे बदलतो तिथल्या कोपऱ्यात निदान 1 मिमीची गोलाई मागा. टोकदार टूलने काढलेल्या काटकोनातूनच तडा सुरू होतो.

माप जुन्या बुशाचं घेऊ नका, तो झिजलेला आहे. आर्मचा डोळा (बुश बसतो ते भोक) साफ करून त्याचा बोअर, म्हणजे आतला व्यास, तोंडाशी आणि आत अशा दोन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजा. जुना बुश छिन्नीने ठोकून काढला असेल तर डोळा लंबवर्तुळ झालेला असतो. फरक 0.1 मिमीच्या वर गेला तर आधी डोळ्याचा विचार करा, बुशाचा नंतर. बुशाच्या 38 मिमीच्या आसपासच्या स्टीलच्या बाहेरच्या नळीला 0.04 ते 0.06 मिमी टाइट फिट पुरतो, म्हणजे नळी डोळ्यापेक्षा तेवढीच मोठी. 0.1 ठेवलात तर प्रेस करताना आर्मचा डोळा फाकतो.

जुन्या लेथचं खरं दुखणं चकमध्ये, म्हणजे नग धरणाऱ्या पकडीत असतं. वापरून झिजलेल्या थ्री-जॉ चकमध्ये नग काढून उलटा धरला की 0.1 मिमी रनआउट (फिरताना केंद्रापासून डगमग) सहज येतो, मग आतलं भोक आणि बाहेरचा व्यास एका केंद्रावर राहत नाहीत. उपाय एकच: बाहेरचा व्यास, बोअर आणि एक फेस (सपाट टोक) एकाच पकडीत उरकायचं आणि शेवटी पार्टिंग, म्हणजे नग रॉडपासून कापून वेगळा करणं. दुसरी बाजू फेस करायची वेळ आली तर फोर-जॉ चकमध्ये डायल गेज लावून केंद्र जुळवून किंवा मँड्रेलवर (बोअरमध्ये घालायच्या दांड्यावर). बेड (लेथचा खालचा रूळ) चकजवळ झिजलेला असतो, त्यामुळे लांब पिनेवर टेपर, म्हणजे निमुळतेपणा येतो. म्हणून दोन्ही टोकं आणि मध्य असे तिन्ही व्यास मोजूनच पिन ताब्यात घ्या.

शेवटचे कट असे: मापाच्या 0.4 मिमी आधी थांबायचं, अर्धा घ्यायचा, मोजायचं, मग उरलेला तितकाच. शेवटी 0.02 मिमीचा चुटपुट कट ठेवला तर टूल कापत नाही, घासतं. क्रॉस स्लाइडची (टूल आत-बाहेर नेणाऱ्या स्लाइडची) ढिलाई नेहमी एकाच दिशेने आत जाऊन मारायची. पुढे गेलात तर अर्धा फेरा मागे येऊन पुन्हा आत. कंपाउंड स्लाइड (वरची, कोनात फिरणारी छोटी स्लाइड) बेडशी 5.7 अंशांवर लावली तर तिच्यावर 0.1 मिमी सरकवलं की टूल फक्त 0.01 मिमी आत जातं, म्हणजे व्यासावर 0.02. मोजणी नग गार झाल्यावर. 38 मिमीचं स्टील 40 अंशांनी तापलेलं असेल तर ते जवळपास 0.017 मिमी फुगलेलं असतं, आणि तुमचा फिट तेवढ्यातच आहे. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने या व्यासाला 200 च्या आसपास आरपीएम बरे.

रबरी बुश लेथवर होत नाही, रबर धातूला व्हल्कनाइझ करून चिकटवलेलं असतं. लेथवर होतो तो पीयूचा (पॉलियुरेथेनचा), 90 शोअर ए कडकपणाच्या रॉडमधून. पीयू टूलखाली दबतं आणि मागून सुटतं, म्हणून अतिशय धारदार एचएसएस टूल आणि आत मँड्रेलचा आधार. बोअर नेहमी लहानच निघतो, स्लीव्ह घालून तपासा. पुढच्या आर्मचे बुश एका अक्षावर हलतात, तिथे पीयू चालतो. जिथे भाग दोन-तीन दिशांनी पिळतो तिथे रबरच हवं.

यात लोक चुकतात ते स्लीव्हच्या लांबीत. ती फ्लँजसकट पीयूपेक्षा 0.2 ते 0.4 मिमी जास्त हवी. कमी पडली तर बोल्ट आवळल्यावर पीयू चिरडला जातो, आर्म अडकतो आणि ब्रॅकेटचे कान आत वाकतात. स्लीव्ह 600 च्या पेपरने घासून गुळगुळीत करा, कारण पीयू तिच्यावर फिरतो, आणि सिलिकॉन ग्रीस लावा. खाडीची हवा आणि घोडबंदरच्या खड्ड्यांतलं पाणी पाहता झिंक प्लेटिंग करून घ्याच. पण 8 मायक्रॉनचा थर व्यासात 0.016 मिमी वाढवतो, तो आधी वजा करायचा.

शॅकलला पितळी नको, फॉस्फर ब्राँझचा बुश. दाबल्यावर त्याचा बोअर आवळतो, म्हणून लहान ठेवून दाबल्यानंतर रिमर (भोक मापात आणणारं हत्यार) फिरवा, पिनेला 0.03 ते 0.05 मिमी मोकळीक. ग्रीस निप्पल आणि पिनेत आडवं 3 मिमी भोक हवंच, कडा मारलेलं. ग्रीस नसेल तर ब्राँझ एका पावसाळ्यात संपतो.

दाबताना हातोडा नाही, प्रेस किंवा बोल्ट-नटचा पुलर. एखादा रबरी बुश परत बसवत असाल तर त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळा. जॅकवर लटकत्या आर्मने आवळलात तर गाडी खाली आल्यापासून रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. 500 किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा आणि त्याआधी अलाइनमेंट करून घ्या, कारण नव्या बुशांनी कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदललेला असणार.