पुढं काय होणार?

मी समुपदेशक आहे. गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर येऊन बसणारी सोलापुरातली निम्मी मुलं एकाच प्रश्नाने सुरुवात करतात. "मॅडम, माझं पुढं काय होणार?" म्हणून विनायकबद्दल लिहिते आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वय 26, बी.कॉम., एमपीएससीचे तीन प्रयत्न झालेले. घर पूर्व भागात, वडील चादरीच्या कारखान्यात लूमवर. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक, म्हणजे उत्तरं हाताने सविस्तर लिहायची, झाली आणि त्याने धीरच सोडला.

"रात्री झोप लागंना. तेच तेच डोक्यात फिरायलंय."

"दिवसा काय करतोस?"

"विचारच करतो. कटऑफ किती लागंल, जागा किती निघतील, वय निघून गेलं तर..."

"आणि लिहिलंस किती?"

तो अंगठ्याचं नख कुरतडत राहिला. सहा महिन्यांत त्याने एकही उत्तर हाताने लिहिलं नव्हतं.

मुलं इथेच फसतात. काळजी करताना डोकं शिणतं, त्यामुळे आपण भविष्यासाठी राबतोय असं वाटतं. मी त्यांना साधी खूण सांगते: तासभर विचार करून झाल्यावर हातात काही आलं का? एखादं लिहिलेलं पान, एखादा केलेला फोन? आलं तर ती तयारी. नाही आलं तर नुसती काळजी.

हे विनायकलाही सांगितलं. त्याने मान डोलावली, पण पुढचे दोन आठवडे काहीच हललं नाही. तिसऱ्या भेटीत मी सहज वडिलांच्या कामाबद्दल विचारलं.

"लूम चालू असताना पप्पा कुठं बघतात?"

"तारंकडं. तार तुटली की लूम थांबवायची, गाठ मारायची, परत चालू."

"आणि चादर कशी दिसेल, खपेल का, हा विचार?"

तो हसला. "डिझाईन आधीच ठरलेलं असतंय की. जकार्डला डिझाईनची कार्डं लावली की झालं. चालू लूमवर तसला विचार करत बसलं तर..." आणि तो थांबला. बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "मी रोज नुसती कार्डंच बदलायलो, मॅडम. विणतच नाही."

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मला मोजकेच मिळाले. मी दोन आठवडे समजावत होते ते त्याला त्याच्या घरच्या भाषेत सापडलं. माझं काम फक्त योग्य प्रश्न विचारण्याचं होतं, आणि तो विचारता आला याचं मला आजही समाधान आहे.

त्याच दिवशी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. आराखड्याचा विचार फक्त रविवारी सकाळी, तासभर. बाकी रोज संध्याकाळी एक उत्तर, हाताने, घड्याळ लावून. "मन लागलं नाही तर?" त्याने विचारलं. न लागलेल्या मनानेच लिहायचं, मी म्हटलं. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांना मानणारी. मुलींशी बोलायची भीती वाटायची म्हणून ते 19व्या वर्षी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभर अनोळखी मुलींशी मुद्दाम बोलत राहिले. आधी भीती जाऊ दे म्हणाले असते, तर बाकावरच बसून राहिले असते.

पालकांना एक विनंती. "पुढं काय ठरवलंस?" असं रोज विचारू नका. "आज काय झालं?" एवढंच विचारा, आणि उत्तर ऐकून घ्या. मात्र आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणं नकोसं वाटतंय असं मूल बोलत असेल, तर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. 14416 ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन फुकट आहे.

विनायकची परीक्षा अजून व्हायची आहे. दरम्यान एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो सकाळी हिशेब लिहायला जातो, ते त्याने रविवारच्या तासात स्वतःच ठरवलं. परवा वही घेऊन आला. पहिल्या पानावर खाडाखोडच जास्त, चाळिसाव्या पानावर अक्षर सरळ ओळीत आलेलं. मी अजून पानं उलटत होते, तोवर तो उठलासुद्धा.

"निघतो मॅडम. चार दिवसांनी पाणी यायचंय आज. भरून घेतो अन् लिहायला बसतो."