वाचकांचे प्रश्न : माशाचं अंग आणि त्याचं पाणी

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी मुलांनी बांगड्याची लांबी भागिले उंची काढली. एका गटाचं उत्तर 4.3 आलं, दुसऱ्याचं 5.1. मासा एकच होता. बरोबर कोण? आणि या आकड्यावरून मासा कुठे राहतो ते सांगता येतं का?

उत्तर : फरक बहुधा शेपटीमुळे पडला आहे. दुसऱ्या गटाने पट्टी शेपटीच्या टोकापर्यंत नेली असणार. अंगाच्या आकाराचा विचार करताना प्रमाण लांबी घेतात, म्हणजे तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंतची. मूळ सापडत नसेल तर शेपटी हळूच एका बाजूला वाकवा. जिथे आडवी घडी पडते तिथे मणक्याचं हाड संपतं. समजा ही लांबी 18 सेंमी आणि अंगाची सर्वांत जास्त उंची 4.2 सेंमी आहे, तर उत्तर 4.3 येतं. शेपटीसकट 21.5 सेंमी धरली की तेच 5.1 होतं.

उंची मोजताना पाठीचे आणि पोटाचे पर धरू नका. गाभोळीने फुगलेली मादी टाळा, तिची उंची उगाच जास्त भरते. फॉर्मलीनमधला मासा आकसलेला असतो, त्यामुळे ताजे आणि बाटलीतले मासे एका तक्त्यात मिसळू नका. फोटोवरून मोजायचं असेल तर कॅमेरा माशाच्या बरोबर वर, निदान मीटरभर अंतरावर धरा. जवळून काढलेल्या फोटोत मधला फुगीर भाग मोठा दिसतो.

आता आकड्याचा अर्थ. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन आहे. आखूड, जाड अंगामागे भोवरे तयार होतात आणि ते माशाला मागे ओढतात. फार लांब, बारीक अंग केलं तर भोवरे कमी होतात, पण पाण्याला घासणारी कातडी वाढते. दोन्ही तोटे मिळून सर्वांत कमी भरतात ते लांबी जाडीच्या साधारण साडेचार पट असताना; 3 ते 7 या पट्ट्यात फार बिघडत नाही. मात्र हा हिशेब गोल छेदाच्या, चातीसारख्या (मध्ये जाड, दोन्ही टोकांना निमुळत्या) अंगाचा आहे. म्हणून मुलांना व्हर्निअर कॅलिपरने रुंदीही मोजायला सांगा आणि ती उंचीने भागा. उत्तर 1च्या जवळ आलं तर अंग गोलसर, अर्ध्याच्या बरंच खाली गेलं तर बाजूंनी दबलेलं, 1च्या बरंच वर गेलं तर वरून दबलेलं.

तिसरं माप शेपटीचं, आणि आमच्या मते तेच सर्वांत जास्त बोलतं. शेपटी नैसर्गिक पसरेल इतकीच उघडा आणि आलेखाच्या कागदावर गिरवा. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतच्या उंचीचा वर्ग करा आणि त्याला क्षेत्रफळाने भागा. क्षेत्रफळ शेपटीच्या देठाच्या सर्वांत अरुंद जागेपासून मागचं धरायचं. उंची 8 सेंमी आणि क्षेत्रफळ 16 चौ. सेंमी असेल तर उत्तर 4. कुप्याची (ट्यूनाची) चंद्रकोरीसारखी शेपटी याहून बरीच वर जाते: तो अखंड पोहतो आणि उघड्या तोंडातून कल्ल्यांवर पाणी घेतो, थांबणं त्याला परवडत नाही. खडकांत बसणाऱ्या माशाची गोल शेपटी 1च्या आसपास राहते. तिने एकदम झेप घेता येते, पण लांबचा पल्ला गाठता येत नाही.

प्रश्न : बाजूंनी चपटे मासे प्रवाळाच्या आणि वनस्पतींच्या फटींत राहतात असं वाचलं. पापलेट तर इतकं चपटं, पण ते फटींत राहत नाही. मग नियम चुकला का?

उत्तर : नियम अपुरा आहे. चपट्या, उंच अंगाचे फायदे एकाहून जास्त असतात. जागच्या जागी वळता येतं, हा फटींत उपयोगी. दुसरा फायदा उघड्या पाण्यातही मिळतो: शिकारी माशाच्या जबड्याला मर्यादा असते आणि उंच अंग त्यात मावत नाही. शिवाय सपाट चंदेरी बाजू आरशासारखा उजेड परतवतात, त्यामुळे थव्यातला एकटा मासा हेरणं अवघड जातं.

पापलेटाचं मागचं टोक पाहा. देठ बारीक आणि शेपटी खोल दुभंगलेली असते, म्हणजे हा रोज पोहणारा मासा. मोठ्या पापलेटाला पोटाचे पर नसतात. तोंड लहान, आणि जेलीफिशसारखे मऊ जीव, प्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) हे त्याचं खाणं; त्यामागे सुरमईसारखं धावावं लागत नाही. अंगावरून अधिवास थेट कळत नाही. आधी पोहण्याची आणि खाण्याची रीत कळते, तिच्यावरून पाण्याचा अंदाज बांधायचा.

प्रश्न : कटला, रोहू आणि मृगळ, तिघांचं अंग साधारण सारखं. तरी तिघं तीन थरांत का चरतात?

उत्तर : तोंड पाहा. कटल्याचं वर वळलेलं, तो वरच्या थरातले प्लवंग खातो. रोहूचं किंचित खाली आणि ओठ झालरीचे, तो मधल्या थरातला. मृगळाचं आणखी खाली, तळाच्या गाळाकडे.

प्रश्न : पाकट आणि लेप दोन्ही तळाला चिकटून असतात, दोन्ही चपटे. मग वेगळे कसे?

उत्तर : पाकट वरून दबलेलं आहे आणि पोटावर बसतं. त्याचा चकतीसारखा भाग म्हणजे डोक्याला जोडले गेलेले छातीचे पर. तोंड आणि कल्ल्यांच्या पाच जोड्या फटी खालच्या अंगाला असतात. वाळूत पुरलेलं असताना तोंडाने पाणी घेतलं तर वाळू आत जाईल, म्हणून ते डोळ्यांमागच्या श्वासरंध्रांतून पाणी ओढतं.

लेप मात्र बाजूंनी दबलेला मासा आहे आणि तो कुशीवर पडलेला आहे. त्याचं पिल्लू इतर माशांसारखं उभं पोहतं, दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. वाढताना एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकतो आणि ती डोळ्याविना उरलेली बाजू खाली जाते. हातात घेतल्यावर खूण सोपी: लेपाची खालची बाजू फिकट, तोंड डोक्याच्या कडेला आणि वाकडं.

प्रश्न : 100 लिटरच्या टाकीत एंजल मासा आणि डोंगरी ओढ्यातला, दगडाला चिकटणारा सपाट पोटाचा मासा एकत्र ठेवले. पंप वाढवला तर एंजल कोपऱ्यात जातो, कमी केला तर दुसरा मासा जोरजोरात कल्ले हलवतो.

उत्तर : दोघांना वेगळं करा, मधला मार्ग नाही. एंजलचं उंच अंग संथ पाण्यातल्या उभ्या वनस्पतींमध्ये वावरण्यासाठी आहे. जोराच्या धारेत ते शिडासारखं ढकललं जातं, मासा दिवसभर धारेशी झगडतो आणि खाणं सोडतो. ओढ्यातल्या माशाचं उलट. दगडाच्या अगदी पृष्ठाशी पाण्याचा वेग कमी असतो, त्या पातळ थरात तो सपाट पोट आणि रुंद पर टेकवून बसतो. धार त्याला उलट दगडावर दाबते आणि भरपूर प्राणवायू पुरवते. त्याची सवय तशा पाण्याची.

तापमानही जुळत नाही. ओढ्यातल्याला 20 ते 24 अंश हवं, एंजलला 26 ते 28. हवेशी समतोल असलेल्या गोड्या पाण्यात 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 28 अंशांना 7.8च. पंप मंद आणि पाणी कोमट, म्हणून कल्ल्यांची ती धडपड.

ओढ्यातल्या माशासाठी लांब, उथळ टाकी घ्या. गुळगुळीत गोटे ठेवा, पंप ताशी 1000 लिटरचा, धार लांबीच्या दिशेने. एंजलच्या टाकीत पाण्याची उंची निदान 45 सेंमी हवी. पंपाची धार काचेकडे वळवा आणि शोषणाऱ्या तोंडावर स्पंज लावा, लांब पर ओढले जातात. तळाला मिशा असलेले मासे ठेवणार असाल तर धारदार खडी नको, बारीक गोल वाळू घाला. खडीवर मिशा झिजतात.

प्रश्न : एकाच जातीच्या माशांचा आकार तळ्यागणिक बदलतो का?

उत्तर : बदलतो. क्रूशियन कार्पचं उदाहरण स्पष्ट आहे. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाइक हा शिकारी मासा सोबत असलेल्या कार्पचं अंग जास्त उंच झालं, पाइक नसलेल्यांचं कमी उंच राहिलं. पाण्यातला शिकाऱ्याचा गंधही हा बदल घडवायला पुरतो. उंच अंग पाइकच्या जबड्यात सहज मावत नाही, पण पोहताना पाण्याचा रोध जास्त सोसावा लागतो. शिकारी नसेल तर हा खर्च कशाला करायचा? म्हणून मापांच्या तक्त्यात माशाच्या नावाशेजारी तळं, पाण्याचा वेग आणि तिथले शिकारी मासे यांचे रकानेही ठेवा.