हॉलमधले सराउंड: आधी सोफा ठरवा, मग पीओपी

दहा बाय सोळाचा हॉल, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, डावीकडे खिडकी, उजवीकडे भिंतच नाही, सरळ पॅसेज. आणि पुढच्या आठवड्यात पीओपीवाले येणार. तुमचं वर्णन वाचून माझाच हॉल डोळ्यांपुढे आला. तुम्ही विचारलंय ५.१ घेऊ (पुढे तीन, बाजूला दोन ‘सराउंड’ आणि .१ म्हणजे सबवूफर) की ७.१ (त्यात मागचे दोन जास्त), आणि सराउंड डायपोल (दोन विरुद्ध दिशांना आवाज फेकणारे) की साधे. ते पटकन सांगून टाकतो, कारण खरी घाई दुसरीकडे आहे.

सोफा भिंतीला लागून असेल तर ७.१ विसरा. मागचे दोन स्पीकर १३५ ते १५० अंशांवर (बसणाऱ्याच्या नाकासमोर शून्य धरून) लागतात, आणि तिथे तुमच्याकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आहे. पाचच घ्या, वाचलेले पैसे सेंटरवर, म्हणजे पुढच्या मधल्या स्पीकरवर, घाला. पुढेमागे अ‍ॅटमॉस (छतावरूनही आवाज येणारी पद्धत) करायचा विचार असेल तर डायपोल नको. साधे बुकशेल्फ (छोट्या पेटीचे) घ्या, पुढच्या स्पीकरच्याच मालिकेतले मिळाले तर उत्तम.

आता घाईचं. इंटिरिअरवाल्यांनी ड्रॉइंगमध्ये सराउंडचे पॉइंट कुठे दाखवलेत ते आजच्या आज बघा. आमच्याकडे मागच्या भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांत, फॉल्स सीलिंगच्या अगदी खाली, साडेआठ फुटांवर होते. का, तर तिथे ‘बॅलन्स दिसतो’. मी सोफ्याची जागा, कानाची उंची, सगळं लिहून दिलं होतं. उत्तर आलं, ‘सर, सगळीकडे असंच करतो आम्ही.’ परिणाम असा की पडद्यावर पाऊस पडला की तो आमच्या डोक्याच्या मागून, वरून, वरच्या मजल्यावर नळ गळत असल्यासारखा ऐकू यायचा. बाजूचा म्हणून आवाज नाहीच.

त्याहून वाईट म्हणजे वायर. स्पीकर केबलच्या नावाखाली बारीक फ्लेक्स टाकलेली, तीही पुरली नाही म्हणून मध्येच पिळून, टेप गुंडाळून जोडलेली आणि वरून पीओपी. पहिल्याच पावसाळ्यानंतर डावा स्पीकर गेला. जोड शोधायचा तर सीलिंग फोडायचं, आणि त्यासाठी सोसायटीच्या ऑफिसची परवानगी. तिथे कळलं की आमची ‘रिनोव्हेशनची फाइल क्लोज’ झाली आहे: नवा अर्ज, नवं डिपॉझिट, शिवाय कमिटीची मीटिंग होईपर्यंत थांबा. एका वायरसाठी! अर्जाचं काय झालं हे विचारायला गेलं की सेक्रेटरी बाहेर गेलेले असायचे. (लिफ्टमध्ये मात्र रोज भेटायचे.) शेवटी स्कर्टिंगवरून केसिंग पट्टी मारून नवीन वायर नेली. दिसायला बरी नाही, पण वाजतंय व्यवस्थित.

म्हणून वायर निव्वळ तांब्याची, १६ गेजची घ्या. आठ ओहमच्या स्पीकरला चाळीस फुटांपर्यंत ती पुरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेतलीत तर टोक कापून आतले धागे ब्लेडने खरवडा. आत पांढुरकं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, सोडून द्या. वायर पाइपातूनच, अखंड, लाइटच्या वायरीपासून वेगळी जाऊ द्या आणि पाइपात ओढायची एक तार कायमची ठेवा. पीओपी बंद करण्याआधी वायरच्या एका टोकाला स्पीकर जोडून दुसऱ्या टोकाला पेन्सिल सेल लावून बघा, प्लसला प्लस. स्पीकरचा पडदा बाहेर आला तर प्लस-मायनस बरोबर.

जागेचं म्हणाल तर ५.१ साठी सराउंड ११० ते १२० अंशांवर, म्हणजे बाजूला आणि किंचित मागे. सोफा भिंतीला टेकलेला असताना ९० वरच अडकता. सोफा एक फूट जरी पुढे ओढलात तरी शंभराच्या थोडे पुढे जाता. बायको ऐकणार नाही म्हणू नका, मागे झाडू जातो असं सांगा. सराउंडची उंची कानापेक्षा फूट-दोन फूट जास्त ठेवा. नाहीतर दहा फुटी हॉलमध्ये सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याच्या कानाशीच स्पीकर येतो, आणि त्याला बाकी काही ऐकू येत नाही. अ‍ॅटमॉस केलंत तर मात्र कानाच्या उंचीच्या जवळपासच ठेवावे लागतात.

पॅसेजच्या बाजूला भिंत नाही, तिथे स्पीकर स्टँडवर. दोन्हीकडचं अंतर सारखं नसलं तरी बिघडत नाही. आवाज फूटभर जायला साधारण एक मिलिसेकंद घेतो, तो फरक रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर) भरून काढतो. उंचीची आणि दिशेची चूक मात्र कुठलाही रिसीव्हर दुरुस्त करत नाही. ड्रिल मारायच्या आधी घरातल्या शिडीवर, स्टुलावर स्पीकर ठेवून एक सिनेमा पूर्ण बघा.

मी या धंद्यातला नाही आणि तुमचा हॉल पाहिलेला नाही. उघडा पॅसेज किती रुंद आहे त्यावर बरंच बदलेल.

खिडकीकडचा स्पीकर घेताना त्याच्या पडद्याभोवतीची कडा रबराची आहे ना ते बघा. आपल्या दमट हवेत फोमची कडा काही वर्षांत भुगा होते. वायरची टोकंही काळी पडतात, वर्षाकाठी अर्धा इंच कापून पुन्हा सोला. रिसीव्हरचा ऑटो सेटअप (माइकने आवाज मोजून तो स्वतःच जुळवणी करतो) करताना माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला ठेवा, आणि तेवढा वेळ पंखा, एसी बंद. रिसीव्हरने सराउंड ‘लार्ज’ ठरवले असतील तर ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती मर्यादा) ८० हर्ट्झवर आणा, छोटे स्पीकर असतील तर १०० वर.

ड्रॉइंगमधली सोफ्याची आणि पॉइंटची मापं लिहून पाठवलीत तर पीओपीवाले यायच्या आत बघून सांगतो.