प्रोटीनचं कोटिंग फूड पॅकेजिंगमधल्या प्लास्टिकची जागा घेऊ शकतं का?

तुम्ही विचारलंय की दुधाच्या किंवा सोयाच्या प्रोटीनचं कोटिंग लावून फूड पॅकेजिंगमधलं प्लास्टिक खरंच हटवता येतं का, की हे सगळं नुसतं मार्केटिंग आहे. मी पॅकेजिंग मटेरियलच्या टेस्टिंगमध्ये काम करते म्हणून थेट सांगते, सगळं प्लास्टिक यातून जाणार नाही, पण पाकिटात एक थर असा असतो की रिसायकलिंगचं घोडं तिथेच अडतं, आणि नेमका तोच थर बदलायला प्रोटीन कामाचं आहे.

चीज, मांस, सुकामेवा वगैरेंचं पाकीट वरून एकच फिल्म वाटतं, पण आत बऱ्याचदा तीन-चार थर एकमेकांना चिकटवलेले असतात. पॉलिथिन ओल छान अडवतं, उष्णतेने सीलही होतं, पण ऑक्सिजन त्यातून आरामात आरपार जातो आणि मग तेलकट पदार्थ खवट होतात. म्हणून ऑक्सिजन अडवायला मध्ये ईव्हीओएच नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर देतात. आता हे वेगवेगळे थर सुटे करायचे कसे? साध्या रिसायकलिंगमध्ये ते होत नाही, त्यामुळे असं पाकीट बहुतेक वेळा जाळलं जातं नाहीतर कचऱ्यात पुरलं जातं.

चीज करताना जी निवळी उरते, म्हणजे व्हे, तिच्यातलं प्रोटीन इथे उपयोगी पडतं. ते पाण्यात विरघळवून ८०-९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की प्रोटीनच्या गुंडाळ्या उलगडतात, आत लपलेले सल्फरचे गट बाहेर येतात आणि एकमेकांशी बंध जोडतात, त्यामुळे वाळल्यावर जी फिल्म बनते ती पाण्यात पटकन विरघळत नाही आणि कोरड्या हवेत ऑक्सिजन फार छान अडवते. नुसतं प्रोटीन घेतलं तर मात्र फिल्म पापडासारखी तडकते, डिशमधून काढायला गेलं की हातात तुकडेच येतात. त्यात ग्लिसरॉल (फिल्म मऊ आणि लवचिक करणारा घट्टसर द्रव) घातलं की तीच फिल्म अख्खी सोलून निघते आणि बोटावर गुंडाळली तरी मोडत नाही. पण ग्लिसरॉल जास्त झालं की ऑक्सिजनही जास्त जायला लागतो आणि ओलही जास्त शोषली जाते, त्यामुळे कोटिंग बनवणाऱ्याची खरी कसरत या प्रमाणातच असते.

यावर नेहमीचा आक्षेप म्हणजे प्रोटीनला ओल चालत नाही. खरंय, दमट हवेत ते फुगतं आणि ऑक्सिजन अडवायची ताकद घटते. पण ईव्हीओएचचंही तेच आहे हो! म्हणून तर त्याला दोन्ही बाजूंनी ओल अडवणाऱ्या प्लास्टिकच्या मध्ये ठेवतात, मग प्रोटीनलाही तसंच ठेवायला काय हरकत आहे? युरोपात व्हेलेयर नावाच्या प्रकल्पात हेच केलं, पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) आणि पॉलिथिनच्या मध्ये व्हेचा थर दिला, आणि मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वापरून झाल्यावर ते पाकीट प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमच्या डिटर्जंटमध्ये धुतलं की मधला थर निघून जातो आणि दोन्ही प्लास्टिक सुटी होतात. म्हणजे प्लास्टिक राहतंच, पण ते परत वापरता येतं. माझ्या मते या विषयातला सगळ्यात ठोस फायदा हाच आहे, आणि जाहिरातीत मात्र सगळा जोर ‘खाता येणारं पॅकेजिंग’ यावर असतो.

खाता येणारी कोटिंग आहेतच. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी रेशमातल्या फायब्रोइन प्रोटीनचा अगदी पातळ थर स्ट्रॉबेरी आणि केळ्यांवर देऊन ती फ्रिजशिवाय जास्त दिवस टिकवून दाखवली. मक्यातलं झीन नावाचं प्रोटीन तर गोळ्या-औषधांवर आणि कँडीवर कधीपासून वापरतात. कागदाचं म्हणाल तर तिथे प्रोटीन तेलाचा डाग बऱ्यापैकी थांबवतं, आणि तेल अडवणारी पीएफएएस केमिकल्स (निसर्गात वर्षानुवर्षं न विघटणारी फ्लोरिनची रसायनं) नकोशी झाल्यामुळे त्याला आता मागणी येतेय, पण ओला पदार्थ बराच वेळ ठेवायचा असेल तर नुसतं प्रोटीन पुरत नाही, वरून मेणासारखं काहीतरी लागतंच.

आणखी दोन गोष्टी बघा. दूध, सोया, गहू हे तिन्ही ॲलर्जीचे पदार्थ आहेत, कोटिंग अन्नाला लागणार असेल तर लेबलवर ते स्पष्ट यायला हवं, यात मी तरी कुठलीच सूट देणार नाही. दुसरं म्हणजे शुद्ध व्हे प्रोटीनला पावडर म्हणून आधीच चांगला भाव मिळतो, त्यामुळे ‘फुकटच्या टाकाऊ मालातून’ असं कुणी सांगत असेल तर ते अर्धवटच आहे.

तुम्ही प्रोजेक्टसाठी किंवा धंद्यासाठी असं मटेरियल घेणार असाल तर सप्लायरकडून ऑक्सिजन ट्रान्समिशनचा (म्हणजे फिल्ममधून किती ऑक्सिजन आरपार जातो त्याचा) आकडा मागा आणि तो किती आर्द्रतेला मोजलाय ते आवर्जून विचारा. ५० टक्क्यांचा एकच आकडा दिला तर ८०-८५ टक्क्यांचाही मागून घ्या, मगच सँपल मागवा.