आधी वजन मोज

चि. यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वीस फुटी पाँटून (ट्यूबवर तरंगणारी सपाट डेकची बोट) घ्यावी की बावीस फुटी, यावर इतकं लिहिलंस, पण सगळं सोफे नि छत यांच्याबद्दल. अरे, बोट पेलतात त्या खालच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या ट्यूब. त्यांच्यावर एक ओळ नाही! आधी वजन मोज.

तू जोडलेल्या कागदांत उत्तर आहे. वीस फुटीच्या ट्यूबचा व्यास 25 इंच, बावीस फुटीचा 23. दोन इंच किरकोळ वाटतात, पण उचल व्यासाच्या वर्गावर ठरते. 25 इंची ट्यूब पूर्ण बुडाली तर दर फुटाला सुमारे 212 पौंड पेलते, 23 इंची 180. दोन्ही ट्यूब धरून वीस फुटीची उचल झाली साधारण 8,500 पौंड आणि बावीस फुटीची 7,900. टोकं निमुळती असल्यामुळे दोन्हीकडे थोडं वजा कर. लांब बोट कमी पेलते आहे, दिसलं ना?

भरल्या बोटीच्या ट्यूब निम्म्याहून जास्त बुडू नयेत, हे मी वर्षानुवर्षं सांगतो. लोक हट्टी म्हणतात, म्हणू देत. आता बेरीज कर. बावीस फुटीचं कोरडं वजन, म्हणजे रिकाम्या बोटीचं, 2,150 पौंड, त्यात इंजिन धरलेलं नाही (हे डीलरला विचारायचंच). 90 हॉर्सपॉवरचं फोरस्ट्रोक 360, 25 गॅलन पेट्रोल 150, बॅटरी, नांगर, लाइफ जॅकेटं, बर्फाची पेटी 150. तुम्ही दोघं, दोन्हीकडचे आईबाबा आणि दोन पोरं मिळून 1,170. एकूण 3,980. निम्मी उचल 3,950 सुद्धा नाही. वीस फुटीचं कोरडं वजन 2,000, म्हणून तिच्यावर हीच माणसं नि सामान 3,830 मध्ये बसतात आणि निम्मी उचल 4,250 च्या आसपास आहे.

पोरं फोटोसाठी पुढच्या फाटकाशी गोळा होतात, समोरून मोठ्या बोटीची लाट येते, नाक खाली जातं आणि पाणी थेट डेकवर चढतं. आधीच खोल बसलेल्या बोटीला सावरायला जागा उरत नाही. मिनेसोटातलं मिल लॅक्स तळं उथळ आणि अफाट आहे, वारा सुटला की तिथे लाटा झटकन उठतात. तिथे नेहमी जाणार असशील तर बावीस फुटीच घे, पण 25 इंची ट्यूबची, शक्यतो तिसरी ट्यूब असलेली. लांबीचा फायदा खरा आहे, बोट लाटेवर कमी डुलते.

आता तुझी सिएना, म्हणजे बोट ओढणारी टोयोटा व्हॅन. तिची ओढायची मर्यादा 3,500 पौंड. बावीस फुटी, इंजिन आणि 1,000 पौंडांचा ट्रेलर मिळून 3,510 होतात, तेही टाकी रिकामी ठेवून. वीस फुटी 900 च्या ट्रेलरवर 3,260. पुन्हा तेच सांगतो, वजन मोज. ट्रक स्टॉपच्या काट्यावर दहा मिनिटांचं काम आहे.

दोन्ही बोटी जुन्या आहेत, तेव्हा ट्यूबच्या पोटाखाली हात फिरवून पोचे आणि वेल्डच्या भेगा तपास. प्रत्येक कप्प्यावर बोटांनी ठोक. पाणी शिरलेला कप्पा बद्द वाजतो, आणि ते पाणीही वजनच. फाटकाजवळचं प्लायवूड टाचेनं दाबून बघ.

शनिवारी सही करण्याआधी मला तीन आकडे कळव: ट्यूबची प्रत्यक्ष मोजलेली लांबी, व्यास आणि काट्यावरचं वजन. कागदावरचे नकोत.

तुझा,
काका