गॅरेज कट्टा: चॅलेंजरचं काळं बॉनेट आणि मॅटचा घोळ

प्रश्न: माझ्याकडे 1970 ची डॉज चॅलेंजर टी/ए (म्हणजे ट्रान्स-अ‍ॅम मॉडेल) आहे, ऑफिसातून रिटायर झालेल्या एका सहकाऱ्याकडून घेतली. बॉडी ठीक आहे पण आधी कुणीतरी बॉनेटवर चकचकीत काळा मारून ठेवलाय. मला फॅक्टरीतून आला तसा पाहिजे. पेंटर म्हणतो मॅट ब्लॅकचे चार स्प्रे कॅन आणा, एका दुपारचं काम. आणू का? — एक वाचक, नोव्हाय, मिशिगन

उत्तर: नका हो आणू! आणि आधी अभिनंदन, कारण त्या वर्षी टी/ए जेमतेम 2,400 च्या आसपास बनल्या, त्याही ट्रान्स-अ‍ॅम या अमेरिकन कार रेसच्या नियमासाठी रस्त्यावर चालवायला लोकांना विकायच्या म्हणून, आणि बनल्या कुठे तर हॅमट्रॅमिकच्या प्लांटमध्ये, म्हणजे तुमच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत! प्लांट 1980 मध्येच बंद झाला ते सोडा. गाडी खरी आहे ना हे मात्र बघून घ्या, फेंडर टॅगवर (बॉनेटखाली मडगार्डच्या आत लावलेली कोडची पत्र्याची पट्टी) ए53 कोड आणि व्हीआयएनमधलं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकातलं, पाचवं अक्षर जे, म्हणजे 340 सिक्स पॅक, तीन कार्ब्युरेटरवालं 340 घनइंची इंजिन. हे नसेल तर पुढचा खर्च जरा विचार करून करा.

आता रंग. आपण सगळे "मॅट ब्लॅक" म्हणून मोकळे होतो पण त्या काळात क्रायस्लरवाले अशा बॉनेटना ऑर्गनोसॉल मारायचे. म्हणजे विनाइलचे बारीक कण सॉल्व्हंट आणि प्लॅस्टिसायझरमध्ये (विनाइल मऊ ठेवणारं रसायन) मिसळलेले, भट्टीत तापवले की ते कण एकमेकांत वितळून थर बनतो. म्हणून त्याला नुसता चमक नसलेला काळा नाही तर अगदी बारीक दाणाही असतो, बोट फिरवलं की कळतो. तुमच्या गॅरेजात ती केमिस्ट्री होणार नाही आणि व्हायची गरजपण नाही, आपल्याला दिसायला आणि हाताला तसं पाहिजे. त्यासाठी टू-के युरेथेन काळा (हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग), त्यात फ्लॅटनिंग एजंट म्हणजे चमक मारणारा फ्लॅटनर, किंवा रिस्टोरेशनवाले ऑर्गनोसॉलच्या नावाने तयार रंग विकतात तो. स्प्रे कॅनचा रंग पेट्रोलच्या एका थेंबाने उठतो आणि तीन कार्ब्युरेटरच्या गाडीवर पेट्रोल सांडणार नाही असं कोण म्हणेल.

पण रंग घ्यायच्या आधी जुना शोधा. स्कूपच्या (बॉनेटवरचा हवा घेणारा उंचवटा) तोंडाच्या आत, हूड पिनच्या (बॉनेट बंद ठेवणाऱ्या खिळ्या) पट्ट्यांखाली, बिजागरीच्या बोल्टच्या वॉशरखाली बघा, नखाएवढा जरी मूळ तुकडा सापडला तरी तोच तुमचा नमुना. पेंटरला पत्र्याचे तीन तुकडे वेगवेगळ्या प्रमाणात फ्लॅटनर घालून मारायला सांगा आणि दिवसाउजेडी त्या मूळ रंगाशेजारी धरा. मी ही पायरी सोडत नाही कारण एकदा सोडलेली आहे.

तर तो किस्सा. एका मित्राच्या गाडीचं बॉनेट मारताना अर्ध्यात माझा रंग संपला, म्हटलं काय होतंय, दुसरा कप मिसळला, अंदाजाने. रात्री ट्यूबलाइटखाली झकास दिसत होतं, सकाळी उन्हात काढलं तर अर्धं बॉनेट पाटीसारखं आणि अर्धं तेल लावलेल्या तव्यासारखं! त्याचं कारण असं की फ्लॅटनरचे कण रंग वाळताना वर सूक्ष्म खडबडीतपणा करतात, त्यावर उजेड विखुरतो म्हणून मॅट दिसतं, आणि हे कण डब्यात तळाशी बसतात. त्यामुळे सगळ्या बॉनेटला पुरून उरेल एवढा रंग एकदाच मिसळायचा, गाळायचा, स्प्रे गन भरताना दर वेळी ढवळायचा. एकीकडे हात जाड आणि दुसरीकडे पातळ झाला तरी चमक बदलते. मॅटला टचअप नसतो, ओघळ आला तर घासून पूर्ण बॉनेट परत. शेवटचा हात मात्र जरा लांबून, नेहमी 6-8 इंचांवरून मारता तर तो 10-12 वरून, थोडा कोरडा, तिथे तो दाणा येतो.

बॉनेट फायबरग्लासचं आहे हे पेंटरला दोनदा सांगा. पेंट रिमूव्हर लावायचा नाही, सँडब्लास्ट नाही. आधी वॅक्स-ग्रीस क्लीनरने पुसायचं आणि मगच घासायचं, उलट केलं तर जुनं पॉलिश घासून आत जातं आणि रंगात फिश आय, म्हणजे बारीक गोल खड्डे, पडतात. जाळीसारख्या भेगा असतील तर नुसती पुट्टी भरू नका, उघडून रेझिनने दुरुस्त करा, नाहीतर त्या परत वर येतात. आणि टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तिथे कोविडवाला मास्क चालत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. घरच्या गॅरेजात तर मी म्हणेन मारूच नका, पेंट बूथ (रंग मारायची बंद खोली) भाड्याने घ्या.

हो, एक राहिलं. परत बसवताना बिजागरीच्या स्प्रिंग बघा. या हलक्या बॉनेटला फॅक्टरीने कमी ताकदीच्या स्प्रिंग दिल्या होत्या. कुणी पत्र्याच्या बॉनेटच्या जाड स्प्रिंग टाकल्या असतील तर बंद करताना बॉनेट मागच्या बाजूला वाकतं आणि तडकतं, नव्या रंगासकट.

प्रश्न: जीपच्या बॉनेटवर मॅट ब्लॅक मारून घेतलाय. पक्ष्याने घाण केली, भावाने रबिंग कंपाउंडने घासलं, आता तिथे चकाकणारा गोल डाग पडलाय. काय करू? — एक वाचक, नाशिक

उत्तर: तो डाग नाहीये, तिथे मॅटच उरलं नाही, भावाने पॉलिश करून टाकलं! आता पूर्ण बॉनेट परत मारणं एवढंच. तोपर्यंत वॅक्स बिक्स काही लावू नका. आणि पुढच्या वेळी पक्ष्याची घाण ओल्या फडक्याने लगेच, साध्या कार शॅम्पूच्या पाण्याने उचला, घासू नका, आणि भावाला टायर धुवायला द्या.